कंबरेचं माप

अठरा वर्षं मी एकाच देशाची कंबर शिवली.
छत्तीस, अडतीस, चाळीस, बेचाळीस.
मोहोकारे नदीच्या अलीकडे, मापुत्सोएत,
तिसऱ्या शेडमधली सातवी रांग,
खिडकीपासून दुसरं मशीन.
तो देश मी पाहिलेला नाही.
पण तो बसतो कसा, वाकतो कसा,
खिशात मूठ घालून उभा राहिला
की शिवण कुठे ताणते,
हे मला नवऱ्याच्या सवयींपेक्षा नीट ठाऊक होतं.

मग एका मंगळवारी न्थाबेलेंगने रेडिओ मोठा केला.
आकडा आला. इतके टक्के जकात.
आम्ही हसलोच आधी.
आमच्या डोंगरांना एवढा मोठा आकडा
कोणी कधी दिला नव्हता.
मालिनेओ म्हणाली, "म्हणजे नकाशात सापडलो तर आपण."

नऊ हजार जीन्स खोक्यांत भरलेल्या,
वर पत्ता चिकटवलेला,
दरबानच्या बंदरापर्यंतचं भाडंसुद्धा ठरलेलं.
खोकी हलली नाहीत.
उंदरांनी त्यातलं एक फोडलं.
त्यांना जकात नव्हती.

जूनमध्ये बर्फ पडला तेव्हा पगार अर्धा होता.
ताटात पापा आणि मोरोहो,
दुसऱ्या दिवशी मोरोहो आणि पापा.
राजधानीतून एक साहेब आले,
घोंगडीखाली टाय घातलेले.
म्हणाले, सगळे कपडे एकाच खुंटीला टांगू नयेत.
खरं आहे.
पण खुंटी आम्ही ठोकली होती का, साहेब?
आम्ही फक्त टांगत होतो.

तर आता नव्या खुंट्या.
नदीपलीकडच्या शाळांच्या करड्या चड्ड्या.
नैरोबीचे डगले, सहा खिशांचे,
सहावा कशासाठी ते कोणी सांगत नाही.
आखाताजवळून कोणीतरी अठ्ठावीसची कंबर मागवली.
अठ्ठावीस!
माझा हात सवयीने पुढे जातो,
जिथे कापड संपलं तिथेही टाका घालू पाहतो.

पूर्वी एकाला नऊ हजार,
आता नऊ जणांना हजार हजार.
बेरीज तीच, असं ऑफिसात म्हणतात.
ऑफिसात दोरा ओवावा लागत नाही.
नऊ रंगांचे दोरे, नऊ तऱ्हेची बटणं,
दर दोन दिवसांनी मशीन नव्याने लावायचं,
आणि घड्याळ मात्र जुन्याच मापाचं.

आखाताच्या मालाचं लेबल आलं.
अक्षरं वेलीसारखी, खाली ठिपके, वर ठिपके.
पहिली चाळीस मी उलटी शिवली.
तपासणाऱ्यालाही कळलं नाही.
संध्याकाळी मीठ आणायला गेले,
एक लेबल सहज युनूसच्या गल्ल्यावर ठेवलं.
त्याने ते बोटाने फिरवलं.
"हे डोक्यावर उभं होतं," तो म्हणाला.
मीठ तिथेच राहिलं.
रात्री शेडमध्ये एकटीने चाळीस कंबरा उसवल्या.
मापात पाप चालत नाही,
मग नावात कसं चालेल?

मालिनेओला परत बोलावलं नाही.
ती आता पलीकडे फिक्सबर्गला चेरी तोडते,
हंगाम असेल तेव्हा.
तिच्या मशीनवर टोपी घातलेली आहे.
मी जाता-येता तिची धूळ पुसते,
न्थाबेलेंग बघते, बोलत नाही.

अडकलेला माल शेवटी फाटकावर विकला, मातीमोल.
मी एक बेचाळीस घेतली.
तिच्यातून तुमेलोच्या दोन पँटी निघाल्या
आणि खिशाच्या तुकड्यांची एक पिशवी.
जुनं लेबल काढायचं राहून गेलं.
तो ते वाचत बसला, शाळेत इंग्रजी शिकतो ना.
"आई, लिहिलंय, थंड पाण्यात धुवा."
बाहेर बादलीवर बर्फाची साय धरली होती.
"दुसरं कुठलं असतं का?" त्याने विचारलं.

ते मलाही माहीत नव्हतं.
अठरा वर्षं शिवत होते,
वाचलं कधीच नव्हतं.